तिरप्या अक्षराचा कारागीर

इंग्रजी ग्रंथांत एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा असला म्हणजे तो तिरप्या टाइपांत छापतात. पण हें अक्षर मुळीं भर देण्यासाठीं घडलेंच नव्हतें. इ. स. १५०१ मध्यें व्हेनिसचा विद्वान मुद्रक आल्दुस मानुतिउस यानें व्हर्जिलचें काव्य आरंभापासून अखेरपर्यंत याच अक्षरांत छापलें. पुस्तक हातांत मावेल एवढेंच. भोंवतीं टीकांचें ओझें नाहीं. इटलींतील पंडितांच्या झरझर लिहिण्याचें वळण या अक्षरांत उतरलें होतें. गंमत अशी कीं, ओळींच्या आरंभींचीं मोठीं अक्षरें मात्र उभींच राहिलीं!

त्यांचे पोलादी ठसे कोरणारा कारागीर बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफो. त्याच व्हर्जिलच्या आरंभीं आल्दुसनें त्याच्या हस्तकौशल्याची स्तुति केली; परंतु १५०२ मध्यें व्हेनिसच्या सिनेटनें या अक्षराचा मक्ता दिला तो आल्दुसला. (लिओंच्या मुद्रकांनीं तो जुमानला नाहीं, ही गोष्ट निराळी.) पुढें ग्रिफोनें फानो येथील सोन्चिनो या मुद्रकासाठीं तसेंच अक्षर कोरलें, आणि १५०३ सालच्या पेत्रार्काच्या अर्पणपत्रिकेंत सोन्चिनोनें त्यालाच या अक्षराचा खरा जनक म्हटलें. १५१६ मध्यें बोलोन्यास ग्रिफोनें स्वतः पेत्रार्का छापला, तेव्हां प्रस्तावनेंत त्यानें मनांतलें लिहून टाकलें: त्या अक्षरांनीं आल्दुसला संपत्ति मिळाली, आणि अमर नांवहि.