मनोरमाचं फिलाडेल्फिया

१८८६ च्या मार्चमध्ये ‘ब्रिटिश प्रिन्सेस’ नावाची बोट लिव्हरपूलहून अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला लागली. तिच्यातून एक मराठी बाई आणि तिची लेक उतरल्या. बाईचं वय २७, अंगावर विधवेची पांढरी साडी. लेकीला पाच वर्षं पूर्ण व्हायला अजून महिनाभर होता. बाई म्हणजे पंडिता रमाबाई आणि लेक म्हणजे मनोरमा.

रमाबाई सगळ्यांना ठाऊक असतात, निदान दहावीच्या इतिहासात एका मार्कापुरत्या तरी. मला मात्र त्यांच्या हाताला धरून चालणाऱ्या पोरीचं कुतूहल जास्त आहे. पाच वर्षांच्या आत तिचा हा तिसरा देश होता असं म्हणायला हरकत नाही, कारण त्या काळात बंगाल आणि पुणे हेच एकमेकांना परदेशासारखे होते. तेही मोजलं तर चौथा.

आधी थोडा मागचा हिशोब. रमाबाई डोंगरे १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री बायको-मुलांना घेऊन तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरायचे. त्यामुळे अनोळखी गावात पहिल्या दिवशी काय करायचं, पाणी कुठं, मुक्काम कुठं, याचं शिक्षण रमाबाईंना लहानपणीच मिळालेलं. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी फिरत १८७८ ला कलकत्त्यात पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. मग भाऊ गेला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. पोर दहा महिन्यांची.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्या पुस्तकाच्या पैशावर इंग्लंडचं तिकीट काढलं. हे वाक्य पुन्हा वाचा. १८८३ साली एक विधवा, मराठी पुस्तकाच्या कमाईवर, दोन वर्षांची पोर काखेला मारून बोटीत बसते. आज मराठी पुस्तकाच्या कमाईवर मुंबई ते लंडन सोडा, सेलू ते मुंबईसुद्धा स्लीपरनेच जावं लागेल.

सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. उतरायचं ठिकाण लंडन नव्हतं, वाँटेज नावाचं छोटं गाव होतं. तिथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींचा मठ होता. त्यांचं पुण्यात काम होतं, त्यामुळे ओळख. त्या प्रवासाची हकिकत रमाबाईंनी सदाशिव पांडुरंग केळकरांना पत्रातून कळवली आणि ती ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच वर्षी छापली गेली. म्हणजे आपल्याकडे परदेशातल्या पहिल्या दिवसांचं लिखाण करणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत एक एकटी आई आहे. पण त्या पुस्तकानंतर जे घडलं ते भयंकर होतं. काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. सप्टेंबरच्या २९ तारखेला रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला. कोणी म्हणालं फसवलं, कोणी म्हणालं विकली गेली. परक्या गावात आपलं एकमेव मराठी बोलणारं माणूस असं गेल्यावर त्या बाईच्या रात्री कशा गेल्या असतील, हा प्रश्न त्या वादात फारसा कुणाला पडलेला दिसत नाही.

गेल्या वर्षी माझी ताई, दाजी आणि चार वर्षांची भाची म्युनिकला गेले. देवगाव फाट्यावरच्या आमच्या घरी पहिले पंधरा दिवस रोज व्हिडिओ कॉल. जालना-जिंतूर रस्त्यावरच्या ट्रकांच्या हॉर्नमुळे अर्धं ऐकू यायचं नाही, पण आईचे प्रश्न ठरलेले: दूध मिळतं का, पोरीला बोचतं का, बोलते का कुणाशी. दाजी नकाशात दुकान शोधायचे, फोन जर्मन पाटी वाचून मराठीत सांगायचा. तरी तिसऱ्या दिवशी ताई कॅमेरा बंद करून बोलली. का ते आम्हाला कळलं. भाची मात्र महिन्याभरात ‘डांके’ म्हणायला लागली. आईला कौतुक वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. माझ्या टेबलावरही सध्या एका परदेशी ऑफरचं पत्र पडून आहे. म्हणून मी मनोरमा वाचायला घेतली.

रमाबाई आणि मठ यांच्यात जी ओढाताण झाली ती ‘बोचतं का, बोलते का’ एवढ्यावर थांबली नाही. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. नातं मायेचं, पण भांडण खरं. धर्म बदलला तरी रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. आजीबाईंना तो जातीचा अहंकार वाटला. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवायचा विषय निघाला तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली आणि रमाबाईंनी त्यांना सडेतोड उत्तर लिहिलं. या सगळ्याच्या मध्यभागी मनोरमा होती. तिला काय शिकवायचं, कोणी शिकवायचं? मठ म्हणायचा, आम्ही. आई म्हणायची, मी. ही पत्रं जेराल्डिननीच जपून ठेवली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहांच्या संपादनाखाली छापली. इंग्रजीत आहेत, पण सापडली तर जरूर वाचा. व्हिसाच्या फॉर्मवर ‘डिपेंडंट’ हा एका शब्दाचा रकाना असतो, त्याच्यामागे केवढं काय असतं ते कळतं.

आता परत फिलाडेल्फियाला. तिथे आमंत्रण होतं वुमन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांचं आणि निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. ही दुसरी आनंदीबाई, रमाबाईंची लांबच्या नात्यातली. म्हणजे सातासमुद्रापार मनोरमाला चक्क एक मावशी भेटणार होती, आणि तीही वीस वर्षांची.

तीन वर्षांपूर्वी, जून १८८३ मध्ये, ती मावशी न्यूयॉर्कला उतरली होती तेव्हा तिच्याबरोबर घरचं कोणी नव्हतं. थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहताना एका मासिकात गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं, त्यातून ओळख झाली आणि त्यांनी तिला न्यू जर्सीतल्या रोझेल गावी लेकीसारखं ठेवून घेतलं. खरे हाल सुरू झाले ते ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला कॉलेज सुरू झाल्यावर. भाड्याच्या खोलीतली शेकोटी धूर ओकायची. पेटवली तर खोकला, विझवली तर गारठा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. मांस खायचं नाही, स्वतः रांधायचं, वर शरीरशास्त्र. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, ६०० डॉलरची. शेवटी बॉडलीबाईंनीच तिला जवळ केलं. ‘जिद्द’ म्हणून आपण तिच्यावर सिनेमे आणि स्टेटस करतो. मला त्यात ती शेकोटी सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिची तब्येत त्या थंडीत जी ढासळली ती सावरलीच नाही.

११ मार्च १८८६. पदवीदान. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. सभागृहात आनंदीबाई, गोपाळराव, रमाबाई आणि पाच वर्षांची होऊ घातलेली मनोरमा. एका मराठी गोतावळ्याचा हा बहुधा अमेरिकेतला पहिला समारंभ असावा. घरचं म्हणावं असं एवढंच कार्य त्या पोरीच्या वाट्याला आलं. लग्न नाही, बारसं नाही, एका मावशीची डॉक्टरकी.

रमाबाई थोड्याच दिवसांसाठी आल्या होत्या. राहिल्या पावणेतीन वर्षांच्या आसपास. फिलाडेल्फियात त्यांनी बालवाडीच्या शिक्षणाची पद्धत शिकून घेतली, १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ इंग्रजीत लिहिलं आणि विधवांच्या शाळेसाठी गावोगाव भाषणं देत फिरल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली. पण फिरतीवर पोरीला कुठं ठेवायचं? काही महिन्यांनी मनोरमाला समुद्रापार वाँटेजला, आजीबाईंकडे पाठवलं. जिच्याशी भांडण तिच्याच स्वाधीन. यात रमाबाईंना दोष द्यायला मी धजत नाही आणि त्यांचं कौतुकही करवत नाही. दुसऱ्यांच्या लेकींसाठी शाळा काढायची तर स्वतःची लेक लांब ठेवावी लागली, एवढं मात्र दिसतं.

आनंदीबाईंना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक मिळाली होती. त्या १८८६ च्या शेवटी परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. २१ वर्षांच्या. रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली. ती न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सीच्या दफनभूमीत आहे.

रमाबाई १८८९ च्या फेब्रुवारीत जपानमार्गे मुंबईला परतल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचं मराठी पुस्तक त्याच साली आलं. त्यात तिथलं सरकार, शिक्षण, घरसंसार, बायकांच्या संस्था असं सगळं आहे, आणि नुसती स्तुती नाही, टोचणीही आहे. शारदा सदन मुंबईत सुरू झालं ते ११ मार्च १८८९ ला. मावशीच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

आणि मनोरमा? मोठी झाल्यावर शिकायला ती पुन्हा अमेरिकेला गेली, डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाली, आईच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काम पाहिलं. गुलबर्ग्याला तिने मुलींची शाळा चालवली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, आमच्या परभणीसारखंच. इथल्या खेड्यांत मुलींच्या शाळेची वाट पाहण्यात आणखी एक-दोन पिढ्या गेल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा चाळिशीत गेली. रमाबाई तिच्यामागे नऊ महिनेही राहिल्या नाहीत.