येडशीचा पाना

बार्शी लाइटविषयी लिहिणारे एव्हरार्ड काल्थ्रॉपपाशी येऊन थांबतात. माणूस होताच तसा. 1897 मध्ये त्याने बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रेल्वे सुरू केली. 1911 मध्ये ती निजामाच्या मुलखातून येडशी, ढोकी करत लातूरला पोचली. एका आसावर 5 टनांहून जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. म्हणून हलके रूळ चालले. पण हलक्या रुळाचा सांधा जपावा लागतो, आणि येडशीच्या गँगमध्ये ते काम माझ्या आजोबांचं होतं. ते कीमन होते.

दोन रुळांच्या टोकांना दोन्ही अंगांनी फिशप्लेट, आरपार बोल्ट, मध्ये मुद्दाम ठेवलेली फट. 10 मीटरचा रूळ 50 अंशांच्या फरकाने पावणेसहा मिलिमीटर वाढतो. पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत आमच्याकडचं लोखंड तेवढं सहज तापतं. बोल्ट करकचून आवळले तर रूळ प्लेटींत सरकत नाही. मग वाढ बाजूला वाट काढते आणि लाइन सापासारखी वळते. ढिले ठेवले तर प्रत्येक चाक टोकावर आपटतं, बोल्टच्या भोकापासून चीर सुरू होते.

"पान्याला नळी लावू नको रे," आजोबा नव्या पोरांना दटावायचे. नळीने पाना लांबतो, जोर वाढतो, बोल्ट ताणून जातो. थंडीत प्लेटी उघडून वंगण दिलं की त्यांचा हात आपोआप हलका पडे. कोरड्या आट्यांत बरीच मेहनत घर्षणातच जाते. वंगण लागलं की त्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

विमानांच्या कार्बन-फायबरच्या सांध्यांत आज नेमकं हेच मोजतात: बोल्ट कोरडा की वंगणाचा, जोर किती. जास्त आवळलं तर थर चिरडतात, कमी आवळलं तर भोक रुंदावतं. शिवाय थरांना धरून ठेवणारी राळ हळूहळू दबते आणि ताण उतरतो. काल्थ्रॉपही पुढे विमानांकडेच वळला. 1910 मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेला, आणि त्याने 'गार्डियन एंजल' पॅराशूट घडवलं. त्याच्यावर लिहिणारे मिळाले. कीमनवर कोण लिहिणार?

आजोबांची जुनी लाइन धाराशिव शहराला टाळून जायची; तीच पुढे ब्रॉडगेज झाली तेव्हा शहरात आली. ब्रॉडगेजचे रूळ बहुतेक वेल्ड केलेले, त्यामुळे सांधे थोडेच उरले. वाढीचा जोर मात्र रुळातच कोंडलेला राहतो, म्हणून उन्हाळ्यात भर दुपारची गस्त अजून चुकत नाही.