घरासाठी स्पीकर घेताना: तिलावत, अजान आणि घाटमाथ्यावरची ओल

घरात स्पीकर घ्यायचा म्हटलं की दुकानदार पहिला आकडा सांगतो तो वॅटचा. "भाईजान, दोन हजार वॅट आहे, पूर्ण मोहल्ला हलेल." आपल्याला मोहल्ला हलवायचा नसतो. दादीला सूरह रहमान नीट ऐकू यावी, मुलांना नात ऐकता यावी, रमजानमध्ये तरावीहहून परतल्यावर बयान लावता यावं, एवढंच आपलं काम असतं. त्यासाठी काय बघायचं ते इथे सांगतो. संगीत ऐकावं की नाही या मसल्यात आम्ही पडत नाही, तो आलिमांचा विषय आहे.

हा विषय आत्ता घ्यायला एक कारण आहे. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं आणि नियमांची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं. त्यानंतर अनेक मशिदींचे भोंगे उतरले. माहीमच्या जुम्मा मशिदीसह मुंबईतल्या काही मशिदींनी त्याच वर्षी अजान मोबाईल अॅपवरून घराघरात पोहोचवायला सुरुवात केली. म्हणजे जो आवाज पूर्वी बाहेरून यायचा, तो आता घरातल्या स्पीकरमधून येतोय. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर तो स्वयंपाकघरापर्यंतही पोहोचत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना तर कळतच नाही.

आता वॅट. डब्यावर "पीएमपीओ" लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या, त्याला मोजण्याचा काही ठरलेला नियमच नाही. "आरएमएस" लिहिलेला आकडा विचारा. आम्हीही एकदा पीएमपीओच्या नादात एक टॉवर घरी आणला होता. धमाका जोरदार, पण कारी साहेबांचा आवाज जणू रांजणातून येत होता. शेवटी तो मुलांच्या खोलीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडला.

वॅटपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो हा आकडा. एक स्पीकर ८५ चा आणि दुसरा ८८ चा असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी दुसऱ्याला निम्मी ताकद पुरते. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅटही पुष्कळ होतात. मग वीस-तीस वॅटचा अँप्लिफायर कशाला? आवाज अचानक चढतो तेव्हा तो फाटू नये म्हणून. लोकांना वाटतं मोठ्या अँप्लिफायरने स्पीकर जळतात. घरात बऱ्याचदा उलटं होतं: लहान अँप्लिफायर शेवटपर्यंत फिरवला की आवाज चिरतो, आणि त्या चिरलेल्या आवाजाने आधी ट्वीटर जातो.

स्पीकरच्या मागे ४, ६ किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं. अँप्लिफायरवर "८ ओहम" असेल आणि तुम्ही ४ चा स्पीकर जोडला तर तो तापतो, कधी बंदही पडतो. एकाच टोकाला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ते मिळून ४ होतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. "एक हॉलमध्ये, एक अम्मींच्या खोलीत" अशी जोडणी करताना हे आधी बघा.

इथेच एक प्रश्न हमखास येतो. मशिदीवरून उतरवलेला भोंगा घरी लावला तर? नका लावू. भोंगा बनलाय तो लांबवर शब्द पोहोचवायला. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज तो टाकूनच देतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याच्याही खाली असतो. बंद खोलीत तो कानाला टोचतो. शिवाय मशिदीच्या यंत्रणेत बऱ्याचदा १०० व्होल्टची लाइन असते आणि स्पीकरला ट्रान्सफॉर्मर लावलेला असतो. तो स्पीकर घरच्या अँप्लिफायरला सरळ जोडला तर आवाज जेमतेम येईल, आणि उलटी जोडणी केली, म्हणजे घरचा स्पीकर त्या लाइनवर लावला, तर तो जळेल.

घरासाठी पाच ते साडेसहा इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर असलेली शेल्फवर ठेवायची जोडी हा आमच्या मते सर्वात शहाणा सौदा आहे. वय झालं की कानाला वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, आणि स, श, त, फ ही अक्षरं तिथेच असतात. दादी म्हणते, "आवाज येतो, पण लफ्ज समजत नाही," त्याचं कारण हेच. अशा घरात भलामोठा सबवूफर घेणं म्हणजे पैसे वाया. बासमुळे शब्द आणखी दबतात.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा स्वतःचं रेकॉर्डिंग सोबत न्या. दुकानदाराचं गाणं त्याच्या स्पीकरवर चांगलंच वाजतं. आम्ही शेख महमूद खलील अल-हुसरी यांची तिलावत लावतो. इजिप्तमध्ये १९६१ च्या सुमारास झालेलं ते जुनं रेकॉर्डिंग आहे. वाईट स्पीकर त्याला कर्कश करतो, चांगला स्पीकर श्वासाची जागाही दाखवतो. कव्वाली ऐकत असाल तर साबरी बंधूंच्या टाळ्या ऐका. टाळी ही टाळीसारखी वाटली पाहिजे, पत्र्यासारखी नाही. आणि दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. विक्रेत्यांना हे पक्कं माहीत असतं.

आता आपल्या भागाची गोष्ट. आमचे खालू नोकरीनिमित्त काही वर्षं आहुप्यात राहिले. आंबेगाव तालुक्याचं हे अगदी पश्चिमेचं टोक, डिंभे धरणाच्या पाण्याकडेने गाडी वर चढते आणि गावापुढे सरळ कोकणात उतरणारा कडा. पावसाळ्यात धुकं घरात शिरतं. मंचर-जुन्नरला दहा वर्षं टिकणारा स्पीकर तिथे तीन पावसाळ्यांत हात टेकतो. खालूंच्या जोडीचं तेच झालं. खोकी भुशाच्या दाबलेल्या फळीची होती, ती खालून फुगली. कोनच्या कडेचा फोमचा पट्टा बोट लावताच भुग्यासारखा झडला. आवाज फाटला तेव्हा ते अँप्लिफायर बदलायला निघाले होते.

फोमचा पट्टा कोरड्या हवेतही पंधरा-वीस वर्षांत जातो, ओलीत त्याहून लवकर. रबराचा पट्टा जास्त टिकतो, म्हणून घाटमाथ्यावर किंवा कोकणात राहणाऱ्यांनी रबरच मागावा. जुनी जोडी असेल तर पुढची जाळी काढून पट्टा बघा. फाटला असेल तर स्पीकर फेकू नका, नवा पट्टा चिकटवून मिळतो आणि नव्या जोडीच्या मानाने खर्च फार थोडा येतो. खोकं जमिनीवर टेकवू नका, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ वाजवला तर आतली ओल थोडी कमी होते. आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. खालूंच्या शेजाऱ्याचा टीव्ही असाच गेला होता.

नवं घेण्याआधी जागा बदलून बघा, हा बदल फुकट आहे. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमतो. मागे भोक असलेलं खोकं भिंतीला चिकटवू नका. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. आपल्याकडे जमिनीवर बैठक असते, मग स्पीकर कपाटावर का चढवायचा? फरशी आणि स्लॅबच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज आपटतो, सतरंजी, गादी, जाड पडदे लावले की अर्धं काम होतं. जुन्नरच्या जुन्या लाकडी माडीच्या घरांत ही अडचण कमी येते.

वायर तांब्याची, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, घराच्या वायरिंगवाल्याकडे मिळते तीच चालते. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं झालं तर बास नाहीसा होतो. शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावा. सेलचा प्लस लाल टोकाला असताना कोन बाहेर आला पाहिजे.

अजानच्या अॅपसाठी जुना फोन स्पीकरला वायरने जोडून ठेवणं ब्लूटूथपेक्षा भरवशाचं आहे. फोनची बॅटरी वाचवण्याची सेटिंग त्या अॅपपुरती बंद करा, नाहीतर फोन अॅपला झोपवतो आणि नेमकी फजरची अजान येत नाही.

फजरचं आणखी एक. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरातल्या खासगी यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. उन्हाळ्यात फजर सहाच्या बरीच आधी असते, म्हणजे ती रात्रीच्या मर्यादेत येते. रात्री सगळं शांत असताना आवाज लावून एकदा दाराबाहेर, मग शेजाऱ्यांच्या भिंतीपाशी उभं राहून ऐका. तिथे शब्द कळत असतील तर आवाज कमी करा आणि त्या जागी बटणावर पेनाने खूण करून ठेवा.