काचेसारखी गोगलगाय आणि मुंबईत उतरलेले दोघे

सप्टेंबर १७६३ मध्ये येमेनच्या मोखा बंदरातून आलेल्या इंग्रजी जहाजातून दोन आजारी प्रवासी मुंबईत उतरले. एक भूमापक कार्स्टेन नीबूर, दुसरा वैद्य ख्रिश्चन क्रामर. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी १७६१ मध्ये धाडलेल्या सहा जणांपैकी एवढेच दोघे जिवंत उरले होते. लिनियसचा शिष्य, निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कोल याचे जुलैमध्ये येमेनमध्येच निधन झाले होते. चित्रकार गेओर्ग बाउरेनफाइंड मुंबईच्या वाटेवर समुद्रातच वारला. फेब्रुवारी १७६४ मध्ये क्रामरनेही मुंबईत प्राण सोडला. मागे राहिला एकटा नीबूर.

फोर्स्कोलने मागे ठेवलेल्या टिपणांत एका विलक्षण समुद्री गोगलगायीचे वर्णन होते. तिला त्याने प्टेरोट्रॅकिया हे नाव दिले होते. जमिनीवरील गोगलगाय ज्या पसरट पायाने सरपटते, त्या पायाचे हिच्या शरीरात पोहण्याच्या परात रूपांतर झाले आहे. पर वर आणि पाठ खाली, अशी ती उलटी पोहते. डिंभावस्थेत तिला शंख असतो. प्रौढ होताना तो गळून पडतो. खुल्या समुद्रात लपण्यास ना खडक ना शेवाळ. तेथे पारदर्शक शरीर हाच आडोसा. मात्र डोळे आणि आतड्यांचा गोळा पारदर्शक असू शकत नाहीत. पाहायचे तर डोळ्याने प्रकाश शोषलाच पाहिजे, आणि पोटातले अन्न तर अपारदर्शकच असते. म्हणून आतड्यांचा तो गोळा लांबट असून ती तो पाण्यात उभा धरते. त्यामुळे खालून पाहणाऱ्या शत्रूला त्याची सावली लहानात लहान दिसते.

असा प्राणी संग्रहालयाच्या बरणीत मूळ रूपात टिकत नाही. परिरक्षक द्रवात त्याचे शरीर दुधाळ होते व आक्रसते. जिवंत प्राण्याच्या निरीक्षणावरून केलेल्या वर्णनाला व चित्राला म्हणूनच मोठे मोल असते. फोर्स्कोलची टिपणे हरवली असती, तर त्याचे हे निरीक्षणही त्याच्याबरोबरच संपले असते.

नीबूर डिसेंबर १७६४ पर्यंत मुंबईत राहिला. या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली व रेखाटने केली. पुढे इराण, इराकमार्गे तो १७६७ मध्ये डेन्मार्कला पोहोचला. दिवंगत मित्राची प्राणिवर्णने त्याने १७७५ मध्ये, तर चित्रे १७७६ मध्ये प्रसिद्ध केली. हिंद महासागरासह उष्ण समुद्रांत आढळणाऱ्या प्टेरोट्रॅकिया कोरोनाटा या जातीच्या नावापुढे प्राणिशास्त्रज्ञ आजही लिहितात: फोर्स्कोल, १७७५. त्या वेळी फोर्स्कोलच्या मृत्यूला बारा वर्षे होत आली होती.