टाकलेपण, कौटुंबिक : आत्मसन्मानावरील परिणाम व पुनर्वसन (ठाणे-कळवा-कल्याण परिसर)

टाकलेपण, कौटुंबिक : आईवडील, जोडीदार, मुले किंवा भावंडे यांनी आजारी, वृद्ध अथवा नकोशा झालेल्या माणसाची जबाबदारी सोडून देणे, आणि त्यामुळे त्या माणसाचे स्वतःविषयीचे मत खालावणे. घराबाहेर काढणे हा त्याचा उघड प्रकार. रुग्णालयात दाखल करून परत न फिरकणे, अर्जावर खोटा पत्ता लिहिणे, फोनचा नंबर बदलणे हे न बोलता केलेले प्रकार असून शहरी भागात त्यांचा विचार अधिक करावा लागतो. नोकरी, शिक्षण वा मृत्यू यांमुळे होणारी ताटातूट या नोंदीत धरलेली नाही.

परिसर : कळवा हे ठाणे खाडीच्या पूर्वेस, ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय यांवर मुंब्रा, दिवा आणि पारसिक डोंगराच्या उतारावरील वस्त्यांचा मोठा भार असतो. फलाटावरून किंवा रस्त्यावरून उचलून आणलेला, नाव सांगू न शकणारा रुग्ण अशा सरकारी वा पालिका रुग्णालयांत ‘अनोळखी’ म्हणून नोंदला जातो. जखम भरते, ताप उतरतो. मग पाठवायचे कुठे, हा प्रश्न वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलावर येतो. आजार मनाचा असेल तर वाट खाडीपलीकडे जाते.

ठाणे प्रादेशिक मनोरुग्णालय : स्थापना १९०१. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने पूर्वी ओळखले जाई. मंजूर खाटा १,८५०. येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही मुंबईकडची जुनी थट्टा याच संस्थेवरून आलेली. ज्याला खरोखर ठाण्याला पाठवले गेले, त्याच्या घरी पुढची लग्ने जुळवताना हा विषय लपवला जातो आणि बऱ्याचदा त्या विषयाबरोबर माणूसही लपवला जातो.

पतीने दाखल केलेली एक स्त्री बरी होऊनही सुमारे बारा वर्षे येथे राहिली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे हा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. चारही मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या ४७५ रुग्णांचा आढावा त्या निमित्ताने घेतला गेला. त्यांतले निम्म्याहून अधिक सोडण्याजोगे होते. औषध लागू पडले होते. न्यायला कोणी नव्हते.

कायदा : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (मे २०१८ पासून लागू) याच्या १९व्या कलमाकडे अभ्यासकांचे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्या कारणाने कोणालाही आरोग्यसंस्थेत ठेवता येणार नाही, असे ते कलम सांगते. कुटुंबाने टाकलेल्या व्यक्तीला कायदेशीर मदत देणे, कुटुंबाच्या घरात राहण्याचा तिचा हक्क बजावण्यास साहाय्य करणे हे शासनाचे काम ठरते. कलम ८६ व ८८ नुसार स्वतःचा निर्णय घेऊ शकणारा प्रौढ रुग्ण स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतो आणि स्वतःच्या सहीने बाहेरही पडू शकतो. व्यवहारात मात्र ‘नातेवाइकाचे नाव, नाते, पत्ता, सही’ हा रकाना रिकामा असला की कागद पुढे सरकायला वेळ लागतो.

परिणाम : स्वतःची किंमत माणूस एकट्याने ठरवत नाही. मार्क लिअरी व सहकारी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार आत्मसन्मान हा ‘लोक मला आपले मानतात का’ याचे माप दाखवणारा काटा असतो. रोनाल्ड रोनर यांच्या स्वीकार-नकार सिद्धांतानुसार आईवडिलांच्या नकाराचा अनुभव निरनिराळ्या संस्कृतींत सारख्याच खुणा ठेवतो : स्वतःबद्दल हीन मत, राग, भावना गोठणे, जगाविषयी संशय. पोलिन बॉस यांनी वर्णन केलेली संदिग्ध हानीही येथे लागू पडते. गेलेल्याचे दिवस घालता येतात. जिवंत असून न येणाऱ्याचे काय करायचे, याला विधी नाही.

वॉर्डात अशा माणसांच्या तोंडी दोन प्रकारची वाक्ये असतात. एक, ‘दिवाळीला नेणार आहेत.’ दुसरे, ‘मीच फार त्रास दिला.’ स्कॉटिश मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी १९४३ मध्ये वाईट वागवणाऱ्या घरांतील मुलांविषयी जे लिहिले ते या दुसऱ्या वाक्याचा उलगडा करते. दोष माझा असेल तर मी सुधारलो की ते परत येतील. दोष त्यांचा असेल तर आशाच उरत नाही. स्वतःला दोष देण्यामागे असा हिशेब असतो. म्हणून ‘तुझी काही चूक नाही’ एवढे सांगून भागत नाही. ऐकणाऱ्याला ते वाट पाहणे सोडून दे, असे ऐकू येते.

उपचार व पुनर्वसन : डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) या संस्थेमुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती येथील मराठी वाचकांना परिचित होण्यास हातभार लागला. एलिस यांचा आत्मसन्मान या कल्पनेलाच आक्षेप होता. स्वतःला गुण देणे थांबवा, कृतीला द्या, असा त्यांचा आग्रह. घरच्यांनी यावे ही इच्छा राहू द्यावी, पण ‘ते आलेच पाहिजेत, नाहीतर मी कवडीमोल’ हे समीकरण मोडावे. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याला ही पद्धती उपयोगी पडते. छप्पर नसलेल्याला ती आधी सांगणे म्हणजे क्रम चुकवणे होय.

हा क्रम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ प्रकल्पाने (२०११ पासून) नीट ओळखला. मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी नोकरदार महिलांचे वसतिगृह, कामाचे प्रशिक्षण, नोकरी व पाठपुरावा अशी त्याची आखणी आहे. नातेवाईक सापडणे ही अट नाही. आधार कार्ड, बँकेचे खाते, पहिला पगार, खोलीची स्वतःकडे असलेली किल्ली या गोष्टींना समुपदेशनाच्या जोडीचे औषध मानायला हरकत नसावी.

डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवाणी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनची (१९८८, कर्जत केंद्र २००६) दिशा निराळी आहे. रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरात त्यांच्या घरी पोहोचवणे हे तिचे मुख्य काम. त्यासाठी डॉ. भरत वाटवाणी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हरवलेला आणि टाकलेला यांत फरक करावा लागतो : हरवलेल्याच्या घरी दार उघडे असू शकते. टाकलेल्याची घरवापसी हितकारक ठरते का, याबद्दल मतभेद आहेत. क्षमा हा उपचाराचा आवश्यक टप्पा मानावा काय, याविषयीही एकमत नाही.

कुष्ठवसाहती : कल्याणच्या पत्रीपूल भागातील हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत. डोंबिवलीचे माजी सैनिक गजानन माने यांना येथील कार्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. घराने नाकारलेल्यांनी येथे एकमेकांशी संसार मांडले, मुले वाढवली. बहुविध औषधोपचाराने रोग बरा होऊ लागल्यानंतरही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण राहिले. ते २०१९ च्या दुरुस्तीने वगळले गेले.

परित्यक्ता : १९८८ मध्ये संगमनेर येथे परित्यक्तांची, म्हणजे पतीने टाकलेल्या स्त्रियांची, परिषद झाली. त्यांच्या चळवळीच्या इतिहासासाठी निशा शिवूरकर यांचे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक महत्त्वाचे.

ज्येष्ठ नागरिक : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या अधिनियमानुसार निर्वाहभत्त्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे करता येतो आणि ज्येष्ठास टाकून देणे शिक्षापात्र आहे.

बालके : बारा वर्षांखालील मुलास टाकून देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार गुन्हा आहे. बालकल्याण समितीपुढे रीतसर मूल सोपवणाऱ्या पालकास निर्णय बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते.