टाको, चुन्याची डबी आणि उल्हासकाठची भाकरी

कल्याणजवळच्या मोहन्यात एखाद्या घरी रात्रीच्या जेवणाला टाको करण्याचे ठरते. वाण्याकडून मक्याचे पीठ येते, कोमट पाण्यात ते मळले जाते, आणि पोळी तव्यावर पडण्यापूर्वीच तिच्या कडा चिरतात. दुमडायला जावे तर मधोमध मोडते. शेवटी मैद्याची पोळी करून वेळ निभावली जाते. दोष मळणाऱ्या हाताचा नसतो. या चिरण्यामागे सुमारे पाचशे वर्षांचा इतिहास आहे. मक्याचे दाणे समुद्र ओलांडून जगभर गेले, पण त्या दाण्यांचे पीठ कसे करायचे हे ज्ञान मागेच राहिले. आजचा धागा त्या मागे राहिलेल्या ज्ञानाविषयी.

प्रथम टाकोविषयी थोडे. मक्याची तळहाताएवढी मऊ पोळी, म्हणजे तोर्तिया, तिच्यात कालवण किंवा भाजी, वर मिरचीची चटणी, आणि दुमडून हातात. कृती अतिशय जुनी असली तरी ‘टाको’ हे नाव मात्र फार जुने नाही. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांच्या मते ते चांदीच्या खाणींतून आले असावे. खडकात सुरुंग लावण्यासाठी कागदात गुंडाळलेल्या दारूच्या पुडीला तेथील खाणकामगार ‘टाको’ म्हणत, आणि डब्यातील भरलेली पोळी त्या पुडीसारखीच दिसे. ‘खाणकामगाराचा टाको’ असे एका प्रकाराचे नाव मेक्सिकोत रूढही होते. दुकानात मिळणारी कडक, इंग्रजी ‘यू’ आकाराची टाकोची वाटी तर विसाव्या शतकातील. ती अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन लोकांच्या उपाहारगृहांतून पुढे आली. न्यूयॉर्कमधील हुवेन्सियो माल्डोनाडो यांनी अशा वाट्या तळण्याच्या साधनाचे पेटंट १९५० मध्ये मिळवले. ज्याला अनेक जण ‘खरा टाको’ समजतात, तो वयाने आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचा आहे.

आता टाकोत काय काय पडते ते पाहू. मका, टोमॅटो, मिरची, राजमा, अ‍ॅव्होकॅडो हे सारे मेक्सिको व आसपासच्या प्रदेशातले. कांदा, कोथिंबीर, लिंबू, चीज आणि कोंबडी मात्र स्पॅनिश लोकांनी तिकडे नेले. इ.स. १५०० मधल्या टाकोवर लिंबू पिळलेले नव्हते आणि कोथिंबीरही नव्हती. त्याच वर्षी कल्याणच्या बाजारात हिरवी मिरची नव्हती. तिखटाची गरज मिरी आणि आले भागवत होते.

दोन्ही अभाव एकाच शतकात संपले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, हा किनारा लिस्बन आणि ब्राझीलशी जोडलेला होता. मोहन्यावरून वाहणारी उल्हास नदी कल्याण ओलांडून ज्या खाडीने समुद्राला मिळते, तिच्याच मुखाशी वसईचा किल्ला उभा आहे. बटाटा, पाव, काजू हे मराठी शब्द पोर्तुगिजांकडूनच आले. मिरचीला आपण मिरीवरून नाव दिले आणि ती जणू इथलीच झाली. मक्याचे नाव काही अभ्यासक मक्का शहराशी जोडतात. ते खरे असेल, तर लोकांनी धान्य स्वीकारताना त्याचे मूळ गाव साफ चुकवले असे म्हणावे लागेल!

दाणे आले, पण त्यांच्यासोबत यायला हवी होती ती एक कृती आली नाही.

मेक्सिकोत तोर्तियासाठी कोरडा मका नुसता दळत नसत. तो आधी चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळत, रात्रभर तसाच ठेवत, सकाळी चोळून धूत, आणि मग ओलाच वाटत. नाहुआत्ल भाषेत या मक्याला ‘निष्तामाल’ म्हणतात; त्या शब्दाच्या पोटात ‘राख’ हा अर्थ दडलेला आहे. ही रीत तीन हजारांहून अधिक वर्षे जुनी मानली जाते. चुन्याने दाण्याची टणक साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि म्हणूनच पोळी न चिरता दुमडते. याहून महत्त्वाचे म्हणजे, मक्यात बांधून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व त्यामुळे मोकळे होते आणि शरीराला मिळू शकते.

ही कृती वगळल्याचे मोल युरोपने दिले. मका गरिबांचे स्वस्त अन्न बनला तेव्हा स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ च्या सुमारास एका विचित्र रोगाचे वर्णन केले: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, सोलते, पोट बिघडते, अखेरीस बुद्धी भ्रमते. १७७१ मध्ये इटलीत त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव मिळाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी याच रोगाने हजारो माणसे दगावली. हा संसर्ग नसून निकृष्ट आहाराचा परिणाम आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या प्रयोगांतून दाखवले. नायसिनचा उलगडा व्हायला १९३७ उजाडले. एवढ्या काळात मेक्सिकोतील मका खाणारी खेडी या रोगापासून बरीचशी दूर होती. त्यांच्या चुलीवर औषध रोज उकळतच होते.

कोकणात ही आपत्ती आली नाही, कारण इथे भाताचे राज्य अढळ राहिले. मका पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून, तिखट-मीठ-लिंबू लावून खाण्याचे कणीस एवढाच उरला. दख्खनला मात्र पेलाग्रा अनोळखी नव्हता. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये तो आढळे, आणि १९६० च्या सुमारास हैदराबादच्या प्रयोगशाळेत सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला. एकाच धान्यावर जगण्याची सक्ती हे दुखण्याचे मूळ होते. धान्याचे नाव तेवढे बदलले.

येथे एक गोष्ट मनाला टोचते. चुना आपल्याकडे नव्हता का? घरोघरीच्या पानाच्या डब्यात तो होता. मेक्सिकोत मक्याला लावतात तोच हा चुना, रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दाणे वाटायला पाटा-वरवंटा होता. मेक्सिकोतला ‘मेताते’ हा दगडी पाटा त्याचा सख्खा भाऊ शोभेल. साहित्य सगळे हाताशी होते. ते एकत्र कसे आणायचे हे सांगणारे कोणी जहाजातून उतरले नाही.

कारण ते ज्ञान ज्यांच्याकडे होते त्या स्त्रिया जहाजांवर नव्हत्या. मेक्सिकोतील खेड्यात बाई पहाटे उठून मेतातेपुढे गुडघे टेकून बसे, आणि घराला पुरतील एवढ्या तोर्तियांसाठी दिवसाचे कित्येक तास वाटत राही. विसाव्या शतकात निष्तामाल दळणाऱ्या गिरण्या गावोगावी पोहोचल्या तेव्हा कुठे ते गुडघे सुटले. खलाशी, व्यापारी आणि धर्मगुरू यांनी दाणे पाहिले, पीक पाहिले, तयार पोळीही खाल्ली. रात्री भिजत घातलेल्या भांड्याकडे त्यांनी पोषणाचे शास्त्र म्हणून पाहिले नाही. इतिहासाच्या पुस्तकांतही ‘पिकांची देवाणघेवाण’ असे प्रकरण असते, पाककृतींच्या गळतीचे नसते. हा पुस्तकांचा दोष आहे.

मक्याच्या या घरापर्यंत एक मराठी माणूस मात्र पोहोचला होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. गदर चळवळीच्या पहिल्या फळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले, पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढलेले. मायदेशाची दारे बंद झाल्यावर १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या संकरावर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारल्या. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे तिना मोदोत्ती यांनी काढली. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ या अर्थाच्या नावाचे चित्र रंगवले. त्यात जेवणाच्या मेजाभोवती माणसे बसली आहेत आणि मध्यभागी भाकर मोडणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे म्हणून ओळखला जातो. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर जेवणाच्या पंक्तीचा यजमान म्हणून बसला आहे, हे महाराष्ट्रातील किती शाळकरी मुलांना ठाऊक असेल? स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात निवर्तले. इथे त्यांची आठवण क्रांतिकारक म्हणून थोडीफार उरली. मक्याचा संशोधक म्हणून जवळपास नाही.

आता पुन्हा मोहन्याच्या तव्याकडे. चिरणाऱ्या पोळीवरचा उपाय याच नदीकाठी आहे. कल्याण परिसरातल्या आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी ‘उकड’ काढून करतात. तांदळाच्या पिठातही गव्हासारखा चिवटपणा नसतो; म्हणून मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ सोडून, झाकून वाफ आणून, ते गरम असतानाच मळतात. उष्णतेने पिठातील स्टार्च फुलतो आणि पीठ एकजीव होते. मेक्सिकोने चुन्याने साधले, त्यातले निम्मे काम कोकणाने वाफेने साधले. नायसिन मोकळे करण्याचे काम वाफ करत नाही, पण पोळी दुमडते.

म्हणून घरच्या टाकोसाठी निम्मे मक्याचे आणि निम्मे तांदळाचे पीठ घेऊन उकड काढावी. लिंबाएवढे गोळे प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून सपाट ताटलीने दाबावेत, लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावेत आणि फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावेत. फडके विसरू नये. आतल्या वाफेनेच पोळी मऊ राहते. ज्यांना मूळ रीत करून पाहायची असेल त्यांनी एक किलो कोरड्या मक्याला सुमारे दहा ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घ्यावे, पाऊण तास मंद उकळावे, रात्रभर ठेवून सकाळी साली निघेपर्यंत धुवावे आणि मग वाटावे. चुन्याचा हात डोळ्यांना लागू देऊ नये.

भरायला काय, हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि टाकोची खरी सोय तीच. घोटलेला राजमा, परतलेले पनीर, कोंबडीचे सुके, आणि या काठाला साजेसा कांद्यावर परतलेला जवळा. सोबत टोमॅटो-कांदा-मिरचीची दही न घातलेली कोशिंबीर. मेक्सिकन ताटात तीच वेगळ्या नावाने असते. आपल्या ताटाची डावी बाजू, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबिरीची, याच कारणासाठी आहे: वाढणारी व्यक्ती एकच चव वाढते, खाणारा डाव्या बाजूने ती आपली करून घेतो. टाकोत ही डावी बाजूच ताटाच्या मध्यभागी येते.

मोहने नॅशनल रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढले. रेयॉनचा धागा काढणे अधूनमधून थांबवता येत नाही, म्हणून असे कारखाने पाळ्यांत चालतात आणि कामगाराच्या घरी जेवणाची एक वेळ नसते. कारखाना २००९ मध्ये बंद पडला. आता उशिरा येणारा माणूस लोकलने मुंबईहून येतो. गरम भाकरी हवी या हट्टापायी अशा घरांत एक व्यक्ती तव्यापाशी उभी असते आणि सर्वांत शेवटी जेवते. ती कोण, हे सांगायला नको. फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्यांचा डबा आणि चार वाट्या मध्यभागी ठेवल्या, तर तिलाही पहिल्या घासाला बसता येते. साडेनवाच्या गाडीने येणाऱ्यासाठी चार पोळ्या त्याच फडक्यात राहू द्याव्यात.