पाहुणा सरकारचा, जाब शेजाऱ्याला

जानेवारी २०२० मध्ये आमचं पाथरी काही दिवस राज्याच्या बातम्यांत होतं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये जाहीर केले आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली. त्याआधी १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनीही शिर्डीतल्या भाषणात पाथरीचा तसाच उल्लेख केला होता. पाथरीचे लोक ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलेत, तेव्हा कुणी दुकानं बंद ठेवली नव्हती. सरकार बोललं आणि वाद पेटला. ज्या बाबांनी हयात मशिदीत काढली, त्यांच्या गावाचा निवाडा मंत्रालयातल्या बैठकीत व्हावा, हेही एक नवलच.

धर्माच्या गोष्टीवर सरकारी शिक्का उमटला की माणसं अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता खोटी नसते. पण ती कुणावर निघते, हे बघण्यासाठी १९६४ च्या मुंबईत जावं लागेल. त्या वर्षी पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

निमित्त होतं कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेसचं. यजमान होते मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस, पहिले भारतीय कार्डिनल. पोप स्वतःला यात्रेकरू म्हणवून घेत होते, पण ते एका राष्ट्राचे प्रमुखही होते. व्हॅटिकन १९२९ पासून स्वतंत्र राज्य आहे आणि भारताचे त्याच्याशी १९४८ पासून राजनैतिक संबंध आहेत. २ डिसेंबरला ते उतरले तेव्हा स्वागताला उपराष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते. रस्त्याच्या दुतर्फा लाखो माणसं उभी होती आणि त्यात ख्रिस्ती थोडेच असणार, कारण मुंबईत तेवढे ख्रिस्ती नव्हतेच.

विरोध मात्र पोप येण्याआधीच सुरू झाला होता. त्याची जमीन आठ वर्षं आधी नागपुरात तयार झाली होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये अहवाल दिला आणि धर्मांतराच्या कामातल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा अशी शिफारस केली. १९६४ मध्ये बातमी पसरली की या सोहळ्यात अडीचशे जणांचं धर्मांतर होणार. त्यावर स्वामी चिन्मयानंदांनी जाहीर केलं, मग आम्ही पाचशे ख्रिस्ती हिंदू करू. हिंदू महासभेचा दौऱ्यालाच विरोध होता. आणि २९ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, चिन्मयानंदांच्या पवईतल्या सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषद स्थापन झाली. गोळवलकर गुरुजी, शि. शं. आपटे, कन्हैयालाल मुन्शी तिथे होते, आपले तुकडोजी महाराजही होते. परिषदेची कल्पना जुनी होती, पण तिला मुहूर्त मिळवून दिला तो या पाहुण्याने.

आता यातले प्रश्न वेगळे करून पाहू. निधर्मी राज्याने एका धर्मगुरूचं सरकारी इतमामाने स्वागत का करावं? हा प्रश्न रास्त आहे. उद्या कुणी मोठा आलिम किंवा शंकराचार्य असाच आला, तरी मी तो विचारीन. पण विचारायचा तो शास्त्रीजींना. तेव्हा झालं असं की पाहुणा सरकारचा आणि जाब मात्र वांद्र्याच्या, वसईच्या ख्रिस्ती माणसाला. तुमची निष्ठा रोमला की दिल्लीला?

हा सवाल आपल्याला नवा नाही. खिलाफत चळवळीपासून तो मुसलमानांनाही विचारला जातोय. खलिफा तुर्कस्तानचा, मग तुम्ही कुठले? १९२४ मध्ये तुर्कांनीच खिलाफत मोडीत काढली, तरी सवाल काही संपला नाही.

पोप मुंबईत तीन दिवस राहिले. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. शस्त्रांवरचा पैसा कमी करून गरिबांसाठी निधी उभारा, असं जगातल्या सरकारांना आवाहन केलं. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, याच पोपच्या सहीने व्हॅटिकनचा एक जाहीरनामा निघाला. त्यात मुसलमानांविषयी आदराने लिहिलं होतं, हिंदू आणि बौद्ध परंपरांविषयीही. ज्यांनी पोपला शत्रू ठरवलं होतं त्यांना याच्याशी देणंघेणं नव्हतं.

पस्तीस वर्षांनी हेच पुन्हा घडलं, आणि वातावरण जास्त विखारी होतं. डिसेंबर १९९८ मध्ये आपल्या नाशिकला लागून असलेल्या डांगमध्ये चर्च जाळली गेली. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल दिल्लीत यायचे होते. त्यांनी गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल माफी मागावी, म्हणून गोव्यातून दिल्लीपर्यंत यात्रा निघाली.

मागणी मला चुकीची वाटत नाही. १५६० ते १८१२ या काळात त्या धर्मन्यायालयाने गोव्यात जे केलं ते भयंकरच होतं. फक्त माफीच्या यादीत नोव्हेंबर १५१० चे गोव्याचे मुसलमानही हवेत. शहर जिंकल्यावर अल्बुकर्कने त्यांची कत्तल करवली आणि सहा हजार मारले असं स्वतःच पोर्तुगालच्या राजाला लिहून कळवलं. पोपनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या पापांबद्दल क्षमा मागितली, पण त्यात गोव्याचं नाव नव्हतं.

पण १५६० चा हिशेब आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडून वसूल करायचा नसतो. बाबराचा हिशेब देऊन थकलेल्या आपल्या समाजाला हे समजावून सांगायला नको. जानेवारी २०२०, म्हणजे इकडे पाथरी-शिर्डीचा वाद चालू होता त्याच महिन्यात, उस्मानाबादला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उभं आयुष्य मराठीत लिहिण्यात गेलेला माणूस, तरी ते धर्मगुरू आहेत म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला.

आपण मुसलमान तरी यातून सुटलो आहोत का? १२ सप्टेंबर २००६ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जर्मनीतल्या एका व्याख्यानात एका जुन्या बायझंटाइन सम्राटाचे पैगंबरांविषयीचे अपमानकारक शब्द वाचून दाखवले. राग येणं साहजिक होतं. पण पॅलेस्टाइनच्या नाबलुस शहरात हल्ले झाले ते अँग्लिकन आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चवर, जी पोपला मानतच नाहीत. मोगादिशूत मुलांच्या इस्पितळात काम करणाऱ्या एका वृद्ध इटालियन ननला गोळ्या घातल्या गेल्या.

त्याच पोपचा नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानचा सरकारी दौरा होता. दोन दिवस आधी, २६ तारखेला, सआदत पक्षाने इस्तंबूलमध्ये सभा घेतली. वीस-पंचवीस हजार लोक आले, पोपनी येऊ नये म्हणून घोषणा दिल्या आणि घरी गेले. २८ ला पंतप्रधान एर्दोगान यांनी अंकाराच्या विमानतळावर पाहुण्याची भेट घेतली. ३० ला पोप इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले, चपला काढल्या आणि मुफ्ती मुस्तफा चाग्रिजी यांच्या शेजारी, किब्ल्याकडे तोंड करून, काही क्षण गप्प उभे राहिले.